देवीनं नाकारलेलं रान

बार्शीकडच्या एका गावाच्या गायरानात आम्हा पारध्यांची पालं होती. आजा-पणजा तिथंच पुरलेले. खुणेला नुसते दगड.

मी कॉलेजात होते तेव्हा ते गायरान सौरऊर्जेच्या प्रकल्पाला गेलं. बदल्यात सरकारनं आई-वडील दोघांच्या नावावर शेजारच्या गावात दोन एकर दिले. तहसीलच्या मॅडम स्वतः सांगायला आल्या. ही जमीन मिळवताना त्यांना बरंच झगडावं लागलं होतं. तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्या भूमिहीनाला जाईल, तेही वाट बघताहेत, असं त्या म्हणाल्या. देवी सोबत न्या, तिकडं ठेवा, असंही त्यांनी सुचवलं.

वडील म्हणाले, "देवीला नेईन, मॅडम. पर मातीतली मानसं कशी उचलू?"

मॅडमनी हातातले कागद चाळले. त्याला नियम नव्हता.

त्या संध्याकाळी वडिलांनी पेटीतली चांदीची देवी काढून कौल लावला. चिमटीत येतील तेवढे ज्वारीचे दाणे घ्यायचे, जोड्या लावायच्या. सगळे जोडीत बसले की देवीचा होकार. दरवेळी एक दाणा उरला. वडिलांनी पेटी बंद केली. विषय संपला होता.

बायकांनी देवीला शिवायचं नसतं, म्हणून आई बाहेर बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "देवीला नगं आसंल. मला पायजे. किती डाव उठायचं आमी?"

आमच्यात देवीबद्दल असं कुणी बोलत नाही. आता वडील अंगावर धावून जातील, असं मला वाटलं.  पण दुसऱ्या दिवशी तहसिलात जाऊन त्यांनी अंगठा दिला.

आम्ही नव्या रानात गेलो. वडील मागं राहिले. मशीननं गायरान सपाट केलं, खुणेचे दगड बांधाला ढकलले, तेव्हा चुलत्यानं वडिलांना आणून सोडलं. देवीनं नाकारलेल्या रानात नको म्हणून तिची पेटी त्यांनी चुलत्याच्याच हवाली केली.

आईनं ज्वारी केली. पीक बरं आलं, पण त्या रानातला दाणा वडिलांनी तोंडात घातला नाही. गावात भाकरी मागून आणायचे. आई रोज ताट वाढायची, रोज उचलून ठेवायची. दोघं त्यावर कधी बोलले नाहीत. अंगावर मांस राहिलं नाही, तेव्हा मी त्यांना सोलापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथंच ते गेले.

त्यांना रानाच्या कोपऱ्यात पुरायचं ठरलं, तर बांधाशेजारचा शेतकरी आडवा आला, आपल्या रानाजवळ मढं नको म्हणून. पोलीस आले. मी तहसीलच्या मॅडमना फोन केला. त्या येईपर्यंत आम्ही उन्हात प्रेताजवळ बसून होतो. आई तेवढ्यात उठली, टिकाव घेतला आणि त्याच कोपऱ्यात खणायला लागली. कुणी तिला अडवलं नाही.