चवथीतले टाके

माझं ऑपरेशन माकडहाडाच्या जरा वर झालं होतं, पण नातेवाइकांना, शेजाऱ्यांना सांगितलं ते अपेंडिक्स. हे आईने ठरवलं आणि मी एका शब्दाने विरोध केला नाही. अपेंडिक्स सभ्य असतं. कुणीही विचारावं, कुणीही उत्तर द्यावं. तिथे गळू झालं, आत पोकळी तयार झाली, ती कापून टाके घातले, हे काकांसमोर कोण बोलणार? मी ज्या लायब्ररीत काम करते तिथेही रजेच्या अर्जात मी नुसतं 'शस्त्रक्रिया' एवढंच लिहिलं.

शिवाय ते बोलायला माझ्याकडे शब्दच नव्हते. शाळा इंग्रजी माध्यमाची. आजाराचं नाव, कारणं, घ्यायची काळजी, सगळं मी इंग्रजीत वाचलेलं. शरीराच्या त्या भागासाठी मला मराठीत येत होते ते शब्द एकतर शिव्यांमधले, नाहीतर तान्ह्या बाळाला धुताना बोलायचे. 'माकडहाड' हा शब्दसुद्धा मी डॉक्टरांच्या खोलीत आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

ऑपरेशनला पाच दिवस झाले आणि चवथ आली. पेडण्याच्या आमच्या मूळ घरात गणपतीची पूजा तीन भावांमध्ये फिरते. यंदा वर्ष बाबांचं होतं. आई म्हणाली, "मी राहते गो तुझ्याकडे. ते करतील एकटे."

"एकटे कसे करतील? नैवेद्य कोण करणार? तू जा. मला पडूनच तर राहायचंय."

"आणि ड्रेसिंग?"

"मी करीन."

खरं तर आईचं ड्रेसिंगही तसंच होतं. तिला रक्त बघवत नाही. ती मान भिंतीकडे वळवून पट्टी चिकटवायची आणि म्हणायची, "छान सुकतंय हां." मला मागचं दिसत नसल्यामुळे मी विश्वास ठेवायची.

निघताना तिने फ्रिजमध्ये काय काय आहे ते सांगितलं आणि दारात चपला घालता घालता आवाज खाली आणून म्हणाली, "समोर जाऊ नको हां. त्यांना सुतक आहे. काही दिलं तरी चवथ होईपर्यंत खाऊ नको."

डिचोलीतली आमची बिल्डिंग चवथीला रिकामी होते. प्रत्येकाचं कुठेतरी मूळ घर असतं, कुणाचं पाळी गावात, कुणाचं पार सिंधुदुर्गात. आदल्या दिवशी दुपारपर्यंत खालच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. जिन्यात बोलणं नाही, कुकरच्या शिट्ट्या नाहीत. फक्त समोरच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी चालत होतं.

तिथे राहणाऱ्या बाईंशी सहा वर्षांत मी दहा वाक्यं बोलले असेन. त्या गुरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून कामाला होत्या. दाराबाहेर त्यांचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट असायचे आणि मी जिना उतरताना त्यांच्याकडे न बघता बुटांकडे बघून हसायची. त्यांच्या नवऱ्याचे कोणी चुलतकाका गावाला वारले होते. नवरा दिवसकार्यासाठी तिकडे गेलेला, आणि घरात गणपती नसल्यामुळे बाई इथेच राहिलेल्या.

आदल्या दिवशी संध्याकाळी दुखणं बदललं. आधी ते टाक्यांचं दुखणं होतं, हललं की ओढ बसायची. आता न हलताही आत ठोके पडायला लागले. मी आंघोळीच्या खोलीत गेले, फोन साबणाच्या कप्प्यात टेकवून टायमर लावला आणि पाठमोरी उभी राहिले. तीनदा फक्त फरशी आली. चौथ्या फोटोत पट्टीच्या कडेने लाल कातडी दिसली. लाल म्हणजे किती लाल, ते बल्बच्या उजेडात कळेना. मी फोटो लगेच पुसून टाकला. आमचे सगळ्यांचे फोटो एकाच खात्यात जातात आणि हॉलमधला टीव्ही मोकळा असला की ते आपोआप दाखवत बसतो. पेडण्याच्या घरातही बाबांनी यंदा तसाच टीव्ही जोडला होता. मखराशेजारी माझा तो फोटो, या विचाराने मी पुसलेल्या फोटोंचा कप्पाही रिकामा केला.

चवथीच्या सकाळी पुन्हा फोटो काढला. लाली वाढल्यासारखी वाटली, कडेला सूजही होती. पण कालच्यापेक्षा किती? कालचा फोटो नव्हता. मी हाही पुसला. थर्मामीटर एकशे दोनच्या वर गेला. खाली पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजत लांब गेला. मला पाव हवा होता, पण तीन जिने उतरण्याचा विचारही करवेना.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं की ताप, लाली किंवा सूज आली तर लगेच फोन करा. तिन्ही आली होती. काय बोलायचं ते मी आधी एका पाकिटाच्या मागे लिहून काढलं, दोनदा वाचलं आणि मग नंबर लावला. फोन उचलणाऱ्या मुलीने शांतपणे विचारलं, "डॉक्टर गावी आहेत, पण इमर्जन्सी असेल तर मी आत्ता लावून देते. इमर्जन्सी आहे का?"

मी म्हणाले, "नाही, तसं काही नाही."

फोन ठेवल्यावर मी पाकिटाकडे बघत राहिले. त्यावर स्वच्छ अक्षरात ताप, लाली, सूज लिहिलेलं होतं. त्यातलं एकही मी बोलले नव्हते.

अकराच्या सुमारास पेडण्याहून व्हिडिओ कॉल आला. मला बसता येत नव्हतं म्हणून मी कपाटाला टेकून उभी राहिले आणि फोन चेहऱ्याच्या वर धरला. छतालगतच्या माटोळीला टांगलेल्या सुपाऱ्या, काकड्या, मग गणपती, मग काकूचं नाक.

"काय गो, अपेंडिक्स गेलं ना? आता नेवऱ्या पचतील बघ तुला. एरवी दोन खाऊन पळतेस!"

मागून काका ओरडले, "तिच्या वाटच्या मी खातोय म्हणून सांग!"

आई पुढे आली. "डोळे का लाल?"

"झोप नाही झाली."

"जेवलीस?"

"हो."

"ड्रेसिंग?"

"केलं. सुकतंय."

तिला इतकं बरं वाटलेलं दिसलं की मला पुढे काही बोलवेना. सांगितलं असतं तर ती नैवेद्याच्या खतखत्याचं पातेलं तसंच सोडून निघाली असती. बाबांच्या वर्षाची पूजा अर्धी राहिली असती आणि पुढची दहा वर्षं सगळ्यांना लक्षात राहिलं असतं की ती का राहिली. निदान मी स्वतःला असं सांगितलं. खरं कारण कदाचित एवढंच होतं की कुणीतरी ते बघेल.

कॉल संपला आणि मला हुडहुडी भरली. दात दातांवर आपटायला लागले. मी पालथी पडले, अंगावर दोन चादरी ओढल्या, तरी पलंग हलत होता. मग मागे एकदम काहीतरी गरम ओलं झालं. हात लावला, नाकाजवळ आणला. बोटांवर पिवळट पाणी होतं आणि त्याला वास होता. इंग्रजीत वाचलेलं सगळं आठवलं. आतल्या आत पसरतं, रक्तात जातं, काही तासांत. वाचताना ते दुसऱ्या कुणाचं होतं.

त्या क्षणी मला पहिल्यांदा मरायची भीती वाटली आणि तरीसुद्धा मी उठून आधी केस विंचरले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

समोरचं दार आमच्या दारापासून चार पावलांवर आहे. मी भिंत धरून गेले. बेल वाजवली नाही, बोटाने टकटक केलं, इतकी हळू की कुणी ऐकलं नाही तर परत फिरता यावं. दार लगेच उघडलं. त्या जणू दाराच्या मागेच उभ्या होत्या.

"काय झाला गो?" त्या उंबऱ्याच्या आतच थांबल्या. अंगावर विटका गाऊन, हातात चहाचा कप. "सकाळपासून कण्हतंस ता माका आयकाक येता. दोनदा दारापर्यंत इलंय. पण सुतक असा ना माका. चवथीच्या दिवशी तुझ्या दारात कशी येव?"

मी मागे आमच्या दाराकडे बघितलं. पाकीट आत राहिलं होतं.

"अपेंडिक्सचा दुखता?" त्यांची नजर माझ्या पोटाकडे गेली.

"नाही," मी म्हणाले. "अपेंडिक्स नाही. मागे आहे. माकडहाडाजवळ. त्यातून पाणी येतंय."

बोलून झाल्यावर मी जमिनीकडे बघत होते. त्या हसल्या नाहीत, 'अगो बाई' म्हणाल्या नाहीत. कप कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला.

"दाखवतंस?"

"हो. पण तुमचं सुतक..."

"तां तू बोल. घर तुझा. मी येव काय नको?"

आईचं निघतानाचं 'समोर जाऊ नको' मला आठवत होतं. मी म्हणाले, "गणपती पेडण्याला आहे. इथे मी एकटीच आहे. तुम्ही या ना आत."

त्या आल्या. आधी न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून दोनदा. मी पलंगावर पालथी झाले, गाऊन वर घेतला आणि तोंड उशीत खुपसलं. पट्टी सोडवायच्या आधी त्यांनी ती पाण्याने ओली केली, त्यामुळे ओढ बसली नाही. पंख्याचा आवाज येत होता. मी एक ते वीस मोजले, मग पुन्हा एक ते वीस.

"वाईट आहे का?"

"बरा नाय." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आत पू भरलो हा. टाके ताणान फुटाक इले. म्हस असती तर मी आमच्या डॉक्टराक सांगान आत्ताच कापून घेतलंय असता."

"मग?"

"मग काय? तू म्हस नाय. माणसांच्या डॉक्टराकडे जावया. आत्ता. उद्या नाय."

चवथीच्या दुपारी रिक्षा मिळणार नव्हती आणि स्कूटरवर मला बसता येणार नव्हतं. त्यांनी अँब्युलन्सला फोन लावला. मी उशीतूनच म्हणाले, "सायरन नको वाजवायला सांगा."

"वाजवलो तर? आयकाक कोण असा हय? मी, तू आणि जिन्यातली मांजर."

मला हसू आलं आणि हसल्यामुळे इतकं दुखलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"आईला सांगू नका," मी म्हणाले.

"तुझ्या आवशीक मी सांगतलंय. नाय सांगलंय तर उद्या माझ्याच तोंडार येतली. पण आरती होवंदे. जेवणां होवंदेत. मग."

शेजारच्या बाई माझ्याबरोबर अँब्युलन्समधून आल्या. सरकारी दवाखान्यात त्या दिवशी बाकड्यावर फक्त दोघं होते, एक फटाक्याने बोट भाजलेला माणूस आणि त्याची बायको. ड्यूटीवरची डॉक्टर माझ्याच वयाची असेल. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "कुठे आहे जखम?" मी सांगितलं. भाजलेल्या माणसाने मान दुसरीकडे वळवली. एवढंच झालं.

तिने दोन टाके कापले. सुन्न करायचं इंजेक्शन दिलं होतं, पण पिकलेल्या जागेवर ते फारसं लागू पडत नाही असं तीच म्हणाली, आणि ते खरं होतं. मी लहानपणी दाराच्या फटीत बोट सापडलं तेव्हाही आवाज न करणारी मुलगी म्हणून घरात प्रसिद्ध आहे. त्या टेबलावर मी ओरडले. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा शेजारच्या बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं, जनावराचा पाय धरतात तसं, हलू न देता. त्या शेवटपर्यंत जखमेकडे बघत होत्या. नजर एकदाही वळवली नाही.

मग हळूहळू ठोके थांबले. आत किती साठलं होतं ते डॉक्टरने मला दाखवायचं म्हटलं, मी नको म्हणाले, शेजारच्या बाईंनी बघितलं आणि फक्त "बाबौ" म्हणाल्या.

"आता टाके घालायचे नाहीत," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाली. "उघडंच ठेवायचं. रोज आतून धुऊन गॉज भरायची. जंतूंची औषधं बदलून देते. चार-पाच आठवडे लागतील. आत खोल भरावं लागतं, वरवर पट्टी लावून चालणार नाही. घरी कोण करणार?"

सलाइनच्या बाटलीतून थेंब पडत होते. आई संध्याकाळपर्यंत येणारच होती. जेवणं झाल्यावर बाईंनी कळवलं तेव्हा फोनवर ती रडली होती आणि मग इतकी चिडली होती की बाबांनी फोन घेतला. ती म्हणेल मी करीन, आणि मान भिंतीकडे वळवेल. डॉक्टर पेन हातात धरून माझ्याकडे बघत होती. शेजारच्या बाई खिडकीजवळ उभ्या राहून बाहेर बघत होत्या. विचारल्याशिवाय त्या हो म्हणणार नाहीत, हे मला स्पष्ट कळलं. आणि त्यांचं सुतक संपायला अजून चार दिवस होते.

मी त्यांना काय हाक मारायची तेही मला माहीत नव्हतं. सहा वर्षांत कधी गरजच पडली नव्हती.

"मावशी," मी म्हणाले, "तुम्ही कराल का? रोज? आईशी मी बोलते."

त्या वळल्या. थोडा वेळ विचार केला, खरोखर विचार केला, हिशोब जुळतो का ते बघतात तसा.

"माका साडेआठाक दवाखान्यात जावचा लागता," त्या म्हणाल्या. "सातांक येयन. तेच्या आधी उठाचा आणि आंघोळ करून तयार रवाचा. चलात?"