तिवड्याला बांधलेला पाय

जव्हार संस्थानात मी मास्तर म्हणून आलो तेव्हा तिथलं क्रिकेट फार सोज्वळ होतं. गोलंदाज हात कमरेखाली ठेवून चेंडू सोडायचा, तो दोन-तीन टप्पे खात यायचा आणि फलंदाज एक गुडघा टेकून त्याला करवंदीच्या जाळीत पाठवायचा. भाताची मळणी उरकली की वर्षातून एकदा कचेरी विरुद्ध शाळा असा सामना व्हायचा. गावोगावचे मास्तर शाळेकडून. त्यात मी पहिला उतरायचो, आणि चांगला ऐटीत उतरायचो. विट्टीदांडूवर तयार झालेला हात होता. जे येईल ते आडव्या बॅटीनं हाणायचं, एवढीच आमची विद्या.

मग एका वर्षी जंगल खात्यात मुंबईहून नवा कारकून आला. तो वीस पावलं धावला, त्यानं हात कानाजवळून फिरवला आणि चेंडू मुरुमावर आपटून थेट माझ्या तोंडाशी आला. मी सवयीनं आडवी बॅट फिरवली. भुवई फुटली, सदरा रक्तानं भिजला.

त्या दुपारी आमचं जुनं क्रिकेट संपलं. दोनेक वर्षांत कचेरीतले पोक्त कारकूनसुद्धा खांद्यावरून चेंडू टाकायला लागले. ज्यांना टिकायचं होतं ते सरळ बॅट धरायला आणि पाय चेंडूच्या रेषेत टाकायला शिकले. सगळे शिकले, मी सोडून. मला ते कळत होतं, पोरांना फळ्यावर आकृती काढून समजावताही येत होतं. पण गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटला की माझा उजवा पाय मला न विचारता बाजूला पळायचा आणि मागं तिन्ही स्टंप उघडे पडायचे. पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला त्या वर्षी कचेरीवाले पोट धरधरून हसले.

आमचे हेडमास्तर कप्तान होते. ते हसले नाहीत. पुढच्या वर्षी मळणी सुरू झाली तेव्हा "यंदा एकदाच खेळवतो," म्हणाले. "पाय हलला तर पुढच्या वर्षीपासून सावलीत बसा." मला फार लागलं ते. मला आयुष्यात एकच गोष्ट बरी जमत होती आणि ती भीतीनं खाऊन टाकली होती.

मी तेव्हा शिरपामाळाच्या खालच्या एका पाड्यावर, एका शेतकरी विधवेच्या पडवीत राहायचो. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला मास्तर म्हणायची आणि अरे-तुरे करायची. तिकडे साहेबालाही तसंच बोलतात, त्यात उणं काही नसतं. भाताच्या लावणीच्या वेळी मी तिला पाहिलं होतं. बांधावर उभी राहून ती रोपांच्या मुठी हाताखालून फेकायची आणि चिखलात वाकलेल्या प्रत्येक बाईच्या हाताशी नेमकी मूठ पडायची. म्हणून खळं रिकामं झाल्यावर मी तिला म्हटलं, "मावशी, मला चेंडू टाकशील?"

तिनं चिंध्यांचा चेंडू टाकला. तो लागला तरी दुखलं नसतं, पण माझा पाय पळालाच. दुसऱ्यांदा पळाला. तिसऱ्यांदा ती जवळ आली.

"मास्तर, तू नव्या बैलावानी बुजतोस रं."

खळ्याच्या मधोमध तिवडा असतो, मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. तिनं बैलाचा दोर आणला आणि माझा उजवा पाय तिवड्याला बांधला. तिच्या दोन्ही सुना तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी संस्थानचा पगारी मास्तर, माझं डोकं तडकलं. दोर सोडून टाकावा असं वाटलं. पण सावलीत बसायचं नव्हतं.

पंधरा दिवस ती मला रोज चेंडू टाकत होती. आधी कोरडा, मग पाण्यात भिजवून जड केलेला, शेवटी खरा चामड्याचा, छातीच्या रोखानं. घोटा सोलवटला. पण पाय पळेना तशी नजरही पळेना, आणि एका संध्याकाळी मला चेंडूची शिवण दिसली. भुवई फुटल्यापासून मी चेंडू पाहिलाच नव्हता!

सामन्याच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "मावशी, भीती गेली नाही गं."

"भ्या वाटंल. वाटू दे," ती म्हणाली. "पाय तुझाच हाय ना?"

दुसऱ्या दिवशी जंगल खात्यातल्या कारकुनाचा पहिलाच चेंडू माझ्या बरगडीत बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली पाहिलं तर पाय होता तिथंच होता. पुढचा चेंडू मी सरळ बॅटीनं त्याच्या शेजारून काढला. अकरा धावा झाल्या आणि झेल गेला. अकरा म्हणजे काही फार नव्हे, पण हेडमास्तरांनी उठून मला सावलीत स्वतःची जागा दिली आणि पुढच्या वर्षीही पहिलं मलाच उतरायला सांगितलं.

त्यानंतर मी पुष्कळ क्रिकेट पाहिलं. उसळता चेंडू मागच्या पायावर जाऊन सहज फटकावणारे फलंदाज पाहिले. त्यांना शिकवणारे नामवंत होते. मला नवा खेळ शिकवला तो एकही सामना न पाहिलेल्या बाईनं, आणि याचा मला आजही अभिमान वाटतो.

सामन्याच्या त्या संध्याकाळी पाड्यावर परतलो. मावशीनं सदरा वर करायला लावला आणि काळ्यानिळ्या बरगडीवर गरम हळद लावली.

"लई लागलं. चेंडू बसला तवा पाय कुठं व्हता?"

"तिथंच," मी म्हणालो, आणि एवढा मोठा बाप्या मी, हमसून रडायला लागलो.

"दुखतंय?"

"नाही गं, मावशी."