पाण्याची सुई

लस टोचून घेऊन आले त्या संध्याकाळी अंग असं मोडून आलं की पायातल्या चपला काढायचंही जिवावर आलं. दंड जड, तोंड कडू, घोंगडी घेऊनही हुडहुडी जाईना. पण तापापेक्षा भीती मोठी होती. म्हसा गावाच्या पलीकडे आमचा पाडा. तिथं लसीला कुणी तयार नव्हतं. दारोदार फिरून मी अर्धे लोक शाळेत आणले, सगळ्यांदेखत पहिली सुई स्वतः घेतली. उरलेल्यांची पाळी दुसऱ्या दिवशी होती. मी अशी आडवी दिसले, तर कुणी फिरकणार नव्हतं.

आईला म्हटलं, दार लोट. कुणी विचारलं तर सांग, लिहीत बसलीय.

पाड्यावर निजायच्या आधी दार लोटलं की लोक हमखास येतात. शेजारची काकी आली, माझ्या कपाळाला हात लावून ओरडली, "आगो, ही तं भाजतेय!" झालं. ओटी माणसांनी भरली. सगळ्यांत पुढे शेजारचे म्हातारे काका, माझ्यामागोमाग सुई घेतलेले.

"तुला ताप आला ना?"

"येतो काका. उतरेल उद्या."

"मंग मला का नाय आला?"

मला कळेचना.

"देवीची लस टोचायचे तवा दंड पिकायचा, अंग तापायचं. नाय तापलं तं परत टोचायचे. तुला लागली. आमाला पानी टोचलं!"

"एकाच बाटलीतली होती, काका."

"तूच लिवलंस ना कागदावर? चांगलं ते गावाला, उरलंसुरलं पाड्याला?"

लेखांत लिहिलं होतं. रेशनबद्दल, रस्त्याबद्दल, दवाखान्याबद्दल. त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नव्हते. एरवी तासभर बोलले असते. त्या तापात "पाणी नव्हतं हो," एवढंच म्हणाले.

"ही आपली का गावाची गो?" मागून कुणीतरी टोमणा मारला. सगळे हसले.

काका उठले. "उद्या तू तिथंच बस. बाटली फोडताना बग."

सकाळी काकीचा खांदा धरून शाळेत गेले, भिंतीला टेकून बसले. राहिलेले सगळे आले होते. नर्सबाई बाटली उघडायच्या, लोक माझ्याकडे बघायचे, मी मान हलवली की पुढे सरकायचे. पहिल्याच बाईनं पदर खांद्यावरून सारला आणि दटावलं, "बाय, पान्याची नको. हिला दिली ती तापाची दे."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. समजावण्याचं त्राण नव्हतं. मी मान हलवली.