कणकेची खळ आणि छर्रे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि अक्षर म्हणजे ओल्या मातीवरून कोंबडी चालून गेल्यासारखं. चौथीनंतर शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिथेच राहिलं. ही वही कोणी उघडलीच तर चुकांकडे काणाडोळा करावा. चारचौघांत माझी जीभ अडते, म्हणून लिहिते.

सहा वर्षं झाली, मी टेक्ससमध्ये एका मराठी डॉक्टरांच्या घरी राहून स्वयंपाक करते. ते आणि त्यांची बायको, दोघंही पंचाहत्तरीच्या आसपासचे. मी त्यांना काका-काकू म्हणते. घर गावाबाहेर आहे. मागे कोरडी, काटेरी जमीन, आणि उन्हाळ्यात तिथे शेपटी खुळखुळवणारे विषारी साप निघतात.

रिटायर झाल्यावर काकांनी एक नाद लावून घेतला. तळहातात मावतील अशी दुनळी पिस्तुलं असतात. त्यांत गोळीऐवजी छर्र्यांचं काडतूस भरतात. इथले लोक सापासाठी ती खिशात ठेवतात. किती फुटांवर छर्रे किती पसरतात ते काका तपासायचे आणि आपल्या क्लबच्या पत्रकात लिहायचे.

"चाळीस वर्षं माणसांची हृदयं तपासली, आता कागदाची भोकं तपासतायत," काकू म्हणायच्या.

"कागद रात्री दोनला फोन करत नाही," काका म्हणायचे.

मदतीला मी. लाकडी चौकटीवर खाकी कागद ताणून लावायचा. त्यावर पोळ्यांचं ताट ठेवून पेन्सिल फिरवायची आणि त्या गोलात वेटोळं घातलेला साप काढायचा. चौकटीला बांधलेल्या दोरीला पाच, दहा आणि पंधरा फुटांवर गाठी होत्या. गाठीवर काका उभे राहायचे आणि त्यांच्या मागे मी, कानांवर ते जाड झाकण लावून. पहिल्या दिवशी बार झाला तेव्हा मी मटकन खाली बसले होते. पुढे सवय झाली. बार झाला की काका कागद खिडकीच्या काचेवर धरायचे आणि उजेड दिसेल तिथे खूण करत भोकं मोजायचे. मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे त्यांना उजेडावाचून भोक दिसत नसे.

काकांनी सांगितलं होतं, दर वेळी नवा कागद. पण एवढा मोठा जाड कागद, भोकं फक्त मधे, आणि टाकून द्यायचा? माझ्याच्याने होईना. आमच्याकडे वह्यांना घालायला असला कागद मिळाला नव्हता. मी कणकेची खळ शिजवली, जुन्या कागदाचे नखाएवढे तुकडे केले आणि भोकांवर चिकटवले. वरून हात फिरवला की कळतसुद्धा नसे. काकांना सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

त्या आठवड्यात काका दोन पिस्तुलं तपासत होते, त्यातल्या एकाचा निकाल फार चांगला आला. पंधरा फुटांवरूनसुद्धा ताटाएवढ्या गोलात भोकांची नुसती दाटी. काका खूश. सही ठोकून निकाल क्लबच्या पत्रकाला धाडलासुद्धा. "यातून साप काय, गोगलगाय सुटणार नाही," म्हणाले.

शेजारी एक म्हातारी अमेरिकन बाई एकटी राहते. तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी दोनदा साप निघाला होता. तिने काकांना विचारलं आणि काकांनी तो कागदच तिला दाखवला. तिने अडीचशे डॉलर देऊन ते पिस्तूल काकांकडून विकत घेतलं. आता पंधरा फुटांवरून साप मारीन आणि मग निवांत अंडी काढीन, असं ती हसत म्हणाली. एवढं इंग्रजी मला कळतं.

तीन दिवसांनी सकाळी मी चौकट पुसायला गेले. खाली तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या तोंडात खाकी कागदाचा कपटा. मी वाकून पाहिलं. माझेच तुकडे होते, मागे वाळलेली कणीक. इथल्या कोरड्या वाऱ्याने खळ सुटली होती आणि बाराच्या हादऱ्याने तुकडे गळून पडले होते. म्हणजे काकांनी त्या दिवशी मोजली त्यातली कितीतरी भोकं आधीच्या बारांची होती.

गप्प बसले असते तर कोणालाही कळलं नसतं. पण ती बाई रोज संध्याकाळी खुराड्यात हात घालते.

चहाच्या वेळी मी कपाकडे बघत सांगून टाकलं. सहा वर्षांत त्या घरात मी सलग एवढं कधी बोलले नव्हते. काकू उसळल्या, त्या काकांवरच.

"आणि तुम्हाला दिसलं नाही? खळीचे डाग दिसले नाहीत? ऑपरेशन करून घ्या म्हणून दोन वर्षं सांगतेय."

"चूक माझी आहे काकू," मी म्हटलं.

"तुझी आहेच गं. पण सही यांची आहे."

काका उठले आणि मला म्हणाले, "ताई, कोरा कागद लावा. आधी शेजारणीकडून ते पिस्तूल मागून आणतो."

पुन्हा बार झाले, प्रत्येकाला नवा कागद. या वेळी काका म्हणाले, तुम्ही मोजा. श्रावणात आई बेलाची पानं वाहताना दर शंभराला एक मूग बाजूला ठेवायची. मी कागद टेबलावर पसरला आणि तसाच भोकागणिक एक मूग ठेवला, मग मूग गोळा करून मोजले. पाच फुटांवर साप छर्र्यांनी भरला होता. दहावर विरळ. पंधरावर छर्रे सगळीकडे पांगलेले, गोलात इतकी मोकळी जागा की तिथे आमटीची वाटी ठेवता येईल. सापाच्या डोक्यात एकही मूग नव्हता.

काकांनी क्लबला पत्र लिहून आधीचा निकाल मागे घेतला. मग आम्ही शेजारी गेलो. काकांनी दोन्ही कागद तिच्यापुढे धरले आणि मी तुकडे चिकटवल्याचं सांगितलं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. ती म्हणाली, "फ्लाउर? लाइक ब्रेड?" म्हणजे कणीक, पावाची असते तशी? आणि खो खो हसली. मग हसू थांबवून तिने दुसरा कागद बराच वेळ पाहिला.

पिस्तूल नको म्हणाली, लांब दांड्याचा चिमटा घेईन अंडी काढायला. पण पैसे परत घेताना अडून बसली. म्हणे, मी चार बार काढलेत, नळीवर ओरखडाही आलाय, पन्नास कापून घ्या. काकांनी पूर्ण रकमेचा चेक दिला तर तिने तो परत त्यांच्या खिशात कोंबला. दुसऱ्या दिवशी काका बँकेतून रोख घेऊन आले आणि मला म्हणाले, "ताई, मोजणी तुमची."

मी शेजारी जाऊन तिच्यासमोर खुराड्याच्या झाकणावर विसाच्या बारा नोटा एकेक करून ठेवल्या आणि वर दहाची एक. पुरे अडीचशे. या वेळी पन्नासाचं नाव न काढता तिने त्या उचलल्या आणि एप्रनच्या खिशात घातल्या.