गंधक कोणी खाल्लं?

एमआयडीसीतल्या एका पोलाद ओतणाऱ्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळत होते. भट्टीवर एक काका होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. पोलाद वितळलं की ते पळीभर रस साच्यात ओतून छोटी चकती माझ्याकडे आणून देत. मी ती स्पेक्ट्रोमीटरवर ठेवून ठिणगी पाडायची. ठिणगीचा प्रकाश आत बारीक रेषा कोरलेल्या आरशावर पडून फाकतो. कार्बनचा प्रकाश एका जागी पडतो, मँगनीजचा दुसऱ्या. तिथले सेन्सर तो मोजतात आणि पोलादात काय किती आहे ते कळतं.

त्या मार्चमध्ये कार्बन कमी येऊ लागला. कार्बन वाढवायला भट्टीत घालायचा ग्रॅफाइटचा भुगा काकांच्या ताब्यात असे, आणि आदल्याच रविवारी लकडगंजात मी त्यांना स्कूटरवर काळं पोतं बांधताना पाहिलं होतं. भुगा बाहेर विकतात, हे माझ्या मनाने घेतलंच. रोज सकाळी, जिच्यात काय किती आहे हे आधीच माहीत असतं अशी प्रमाणित चकती लावून यंत्र तपासायचं असतं. मी तेही सोडलं. यंत्रावर माझा संशय नव्हताच. साहेबांना सांगितलं. त्यांनी काकांकडून भुग्याच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि माझ्या आकड्यांवरून भट्टीत जास्तीचा भुगा पडू लागला.

चौथ्या दिवशी मशीनशॉपमधून ओरड आली. माल इतका कडक की ड्रिल तुटताहेत. हेही काकांनी मुद्दाम केलं असणार, असंच मला वाटलं.

दुपारी ते माझाच रिपोर्ट हातात घेऊन दारात उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही मले चोर समजून राहिल्या. कार्बन म्या खाल्ला असन, त गंधक कोनं खाल्लं? फॉस्फरस कोनं खाल्लं? ते बी कमी होऊन राहिलं न!"

मी रिपोर्ट पाहिला. क्रोम, मँगनीज जिथल्या तिथे होते. घसरले होते हे तिघेच. तिघांचाही प्रकाश आम्ही मोजतो तो अतिनीलच्या पार टोकाला, आणि तिथला प्रकाश हवा गिळून टाकते. म्हणून तर यंत्राच्या पेटीत हवेऐवजी आर्गॉन वायू भरलेला असतो. मी प्रमाणित चकती लावली. तिचाही कार्बन कमी! आर्गॉनच्या नळीच्या सांध्याला साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे आले. तिथून पेटीत हवा शिरत होती; पोलादात कार्बन कमी नव्हताच, माझ्या आकड्यांवरून घातलेल्या जास्तीच्या भुग्यानेच माल कडक झाला होता.

"काका, माझं चुकलं," मी म्हणाले, आणि पोत्याचंही सांगून टाकलं.

"कोळसा होता. भावाचं इस्त्रीचं दुकान आहे. इचारलं असतं त सांगतलं असतं."

साहेबांनी किल्ली परत देऊ केली. काकांनी घेतली नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी ते दोन चकत्या ओतत. एक मला देत आणि दुसरी खडूने नंबर टाकून स्वतःच्या डब्यात ठेवत.