दाजींचं शून्य

आमच्या दाजींइतका वैताग आणणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला नाही, आणि असलाच तर त्यानं माझ्या वाटेला येऊ नये, मला एकच पुरे झाला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिवाजी पेठेत जिन्याखालच्या खोलीत ते कारखान्यांची यंत्रं दुरुस्त करायचे, आणि त्यातही गॅस मोजायच्या यंत्रावर त्यांचा फार जीव. तळहाताएवढा डबा तो. टाकीत, खड्ड्यात माणूस उतरण्याआधी दोरीनं खाली सोडायचा. विषारी किंवा पेट घेणारा वायू असला की ओरडतो. आतला सेन्सर दोनेक वर्षांत संपतो. मग नवा घालायचा, स्वच्छ हवेत आकडा शून्यावर आणायचा, आणि बाटलीतला मापाचा गॅस सोडून आकडा बरोबर चढतो का ते बघायचं. दुसऱ्या कुणालाही हे काम तासाभराचं. दाजींना अख्खा दिवस लागायचा.

कारण पेठेतली हवा त्यांना पसंत नव्हती. एका बाजूला भडंगाची भट्टी, दुसऱ्या बाजूला रिक्षा थांबा. "हितं शून्य केलं तर ते पेठेचं शून्य हुईल, खरं न्हवं," असं म्हणून ते यंत्र स्कूटरच्या डिकीत घालून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागत आणि एखाद्या बांधावर वाऱ्याकडे तोंड करून उभे राहत. एकदा मी बरोबर होतो. उसाला पाणी पाजणाऱ्या गड्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काय हुडकाय लागलाय?" दाजी म्हणाले, "शून्य." तो परत पाण्याकडं वळला, मला मात्र जागच्या जागी गडप व्हावंसं वाटलं. गॅस सोडला की आकडा स्थिर होईतो ते कुणाशी बोलत नसत. ताई चहा घेऊन आली तर बोट वर करून तिला उंबऱ्यातच थांबवायचे, आणि नंतर चहा गार का म्हणून तिच्यावरच चिडायचे. माझ्या लग्नात तर त्यांनी आचाऱ्याच्या शेगडीशी यंत्र धरलं, ते ओरडलं, आणि पहिली पंगत पाऊण तास खोळंबली. नळी खरंच गळत होती, हे कबूल. पण वऱ्हाडाच्या लक्षात जिलेबी राहिली नाही, दाजी राहिले.

मी तेव्हा गडहिंग्लजकडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. मोबाइल अजून साहेबांच्याच खिशात असायचे, त्या सुमाराची गोष्ट. कारखान्याची तपासणी तोंडावर आली होती आणि आमच्या यंत्रावर 'तपासलं' म्हणून लावलेल्या स्टिकरची तारीख उलटून गेलेली. मी यंत्र दाजींकडं आणलं, त्यांनी गॅस सोडून पाहिला. आकडा हलला नाही. सेन्सर मेला होता, नवा यायला तीन आठवडे.

"दाजी, नुसता स्टिकर लावा की. सेन्सर आला की घालू."

"न्हाय."

"अहो, तपासणारे स्टिकर बघतात. सेन्सर कोण बघतंय?"

त्यांनी यंत्र माझ्यापुढं धरलं. "हे बघ, शून्य दावतंय. हवा चांगली असली तरी शून्य, सेन्सर मेला तरी शून्य. खाली उतरणाऱ्याला कसं कळायचं रं?"

त्यावर मी ताईदेखत जे बोललो ते आजही आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते. "घरच्या माणसाच्या उपयोगी पडत नाही आणि पेठेत शहाणपण मिरवता." त्यांनी यंत्र पुसून माझ्या हातात दिलं. राजारामपुरीत एकानं दहा मिनिटांत, यंत्र न उघडता, स्टिकर लावून दिला. वर मला चहाही पाजला.

तपासणी झकास झाली. नवा सेन्सर मागवायचं मी विसरलो. विसरलो हा शब्द बरा दिसतो म्हणून लिहितो; स्टिकर होता, मग गरज कुणाला वाटणार? दोन महिन्यांनी सांडपाण्याचा खड्डा साफ करायचा निघाला. आमचा पंपवाला मारुती, अकरा वर्षं माझ्या टेबलाला टेकून माझीच चेष्टा करणारा. त्यानं नियमाप्रमाणं यंत्र खाली सोडलं, शून्य बघितलं आणि उतरला. कमरेला दोर होता म्हणून वर ओढता आला. जगला, पण डोकं पहिल्यासारखं राहिलं नाही. चौकशीत स्टिकर मुदतीतला निघाला, माझी सही जागेवर निघाली. कुणाचाच दोष नाही असा कागद झाला, आणि त्या कागदाची मी एक प्रत जपून ठेवली, इतका मी हलकट.

आठवड्यानं दाजी एस.टी.नं कारखान्यावर आले. खिशात नवा सेन्सर. मी भांडून गेलो त्याच दिवशी त्यांनी तो मागवला होता, आल्यावर मला कारखान्यावर दोनदा फोनही केला होता. त्यांचं नाव ऐकून मीच मुद्दाम घेतला नव्हता. आता शिव्या बसणार म्हणून मान खाली घालून उभा राहिलो; बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सेन्सर बसवला, फाटकाबाहेर लांब जाऊन शून्य केलं, गॅस सोडला आणि आकडा चढेपर्यंत यंत्र माझ्या हातात धरायला लावलं. मग एवढंच विचारलं, "मारुतीकडं गेलतास?" मी गेलो नव्हतो.

तेव्हापासून दर दिवाळीला आम्ही दोघं जातो. दाजी आता थकलेत, काम बंद झालंय. त्या स्टिकरचा विषय त्यांनी आजवर काढलेला नाही, आणि त्यांनी तो काढावा म्हणून मी आतल्या आत झुरतो. मारुती ओसरीवर बसलेला असतो. हसतो अगदी पहिल्यासारखं. दाजी त्याच्या शेजारी टेकतात, मी समोर बसतो. मग तो माझ्याकडं बघतो आणि मोठ्या आदरानं विचारतो, "पावणं, कुठलं म्हणायचं?"

मी दरवर्षी त्याला माझं गाव सांगतो.