नीला बर्फात वळली तेव्हा

नीलाच्या नवऱ्याचा, शिरीषचा फोन आला तेव्हा मी किलकेनीला आमच्या हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडी लावत होते. “नीला गेली,” एवढंच तो म्हणाला. अंडाशयाच्या कॅन्सरशी चाललेलं तिचं भांडण त्या सकाळी वॉटरफोर्डला, तिच्या घरी संपलं होतं. बातमी अनपेक्षित नव्हती, तरी इंजिन बंद करायचं विसरून मी तशीच बसून राहिले... सोलापूरला मेडिकलला असल्यापासूनची माझी मैत्रीण. ती भूलतज्ज्ञ झाली, मी बालरोगतज्ज्ञ, आणि पुढेमागे दोघीही आयर्लंडला येऊन टेकलो. रडू आलंच, पण काही दिवसांनी रडण्याची जागा रागानं घेतली. तिच्या घरी प्रार्थनेला जमलेल्या आपल्याच मंडळींपैकी एक बाई हळहळून म्हणाल्या, “ते बर्फातलं खूळ काढलं नसतं, जरा आराम केला असता, तर अजून काही महिने मिळाले असते हो.” दोघातिघांनी मानाही डोलावल्या. आता काही आठवडे उलटलेत, तरी तो राग गेलेला नाही. म्हणून ते खूळ काय होतं, तेच सांगते. मी तिच्याबरोबर होते.

पहिल्या केमोनं नीलाच्या हाताची बोटं बधिर केली. तान्ह्या बाळाची दोऱ्याएवढी शीर अंदाजानं शोधणारी बोटं ती. आता त्यांना ब्लाउजचे हुक लागेनात. ऑपरेशन थिएटरमध्ये परत उभं राहता येणार नाही, हे तिला कुणी सांगायच्या आधीच कळलं होतं. वर्षभरानं आजार उलटला. पुढची ट्रीटमेंट सुरू होण्याआधी थोडी मोकळीक होती. तिच्या डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं आणि नीलानं जाहीर केलं, की ती कॅनडात आनंदकडे, तिच्या भावाकडे जाणार आणि डोंगरातली स्नोमोबिल चालवायला शिकणार. पुढे दोन स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली ही बर्फावरची मोटारसायकल. पूर्वी एकदा आनंदच्या मागे बसून ती फिरली होती. “मागे बसून झालं,” म्हणाली.

शिरीष हादरला. “पडलीस तर?”

“पडणारच. शिकताना पडतातच.”

“अगं, तुला काही झालं तर?”

“शिरीष... झालंय मला.”

तरी डब्लिनच्या एअरपोर्टपर्यंत तो आम्हाला सोडायला आला.

आनंदनं शिकवायला मॉली नावाची बाई शोधून ठेवली होती. आमच्याच वयाची, हसरी. दरडीसारखा बर्फ कोसळण्याची भीती नाही असं झाडांच्या मधलं मोकळं मैदान तिनं निवडलं होतं आणि त्यावर रात्रीतून कंबरभर भुसभुशीत बर्फ पडला होता. असल्या बर्फात हँडल वळवून गाडी वळतच नाही. डावीकडे जायचं तर दोन्ही पाय डाव्या पायरीवर घ्यायचे, हँडल उलट उजवीकडे फिरवायचं, सगळं अंग डावीकडे झोकून अख्खी गाडी त्या कुशीवर पाडायची, आणि ती पडत असतानाच उजव्या अंगठ्यानं गॅस द्यायचा. कमी दिला तर गाडी रुतते, जास्त दिला तर उधळते. नीला रुतली. आम्ही फावड्यानं उकरून गाडी काढली. ती पुन्हा रुतली. मग एकदा गाडी उधळली आणि ही डोक्यावर आपटून बर्फात गडप! हेल्मेट झटकत वर आली तेव्हा पहिल्यांदाच तिचा चेहरा पडलेला दिसला. “अंगठा कळतच नाहीये गं मला,” ती म्हणाली. “किती दाबलाय, दाबलाय की नाही... काहीच कळत नाही.” मॉली हळूच म्हणाली, आज इथेच थांबू या. मीही तिचा हात धरून म्हटलं, “चल नीला, बास.”

नीलानं हात सोडवून घेतला. मॉलीला म्हणाली, “तू चालव. मी नुसतं ऐकते.” मॉली तिच्याभोवती गोल गोल वळणं घेत राहिली आणि नीला डोळे मिटून उभी. तेव्हा मला समजलं ती काय करतेय. थिएटरमध्ये पेशंटचा ऑक्सिजन उतरायला लागला की मॉनिटरचा सूर खाली येतो. तिकडे पाठ असली तरी नीलाला तो आधी ऐकू यायचा. सगळं आयुष्य तिनं अशी कानांनी माणसं सांभाळली होती. “कळलं,” ती म्हणाली आणि गाडीवर चढली. या वेळी तिनं अंगठ्याचा विचारच सोडला होता. इंजिनचा सूर ढासळू लागला की ती दाबायची, चिरकला की सैल सोडायची. गाडी कुशीवर कलली, बर्फाची भिंत तिच्या खांद्यावरून उडाली, आणि नीला वळली. अर्धं नाही, पुरतं गोल वळण! शेवटी पडलीच, पण पडल्या पडल्या ओरडली, “बघितलंस का गं? बघितलंस?”

हो, बघितलं. उरलेले सगळे दिवस ती वळत राहिली. घरी परतल्यावर ट्रीटमेंट सुरू झाली आणि लागू पडली नाही. तो आजार इथे राहूनही तसाच वाढला असता, हे डॉक्टर म्हणून सांगते. आणि समजा, त्या बर्फानं तिचे चार दिवस नेले असते, तरी ते दिवस तिचे होते. कशावर उधळायचे ते तीच ठरवणार होती. आपण कोण?

परवा शिरीषच्या घरी गेले होते. नीलाचे कपडे चॅरिटी शॉपला द्यायचे म्हणून पिशव्या भरत होतो. सगळ्यात खाली तिचे बर्फातले जाड हातमोजे निघाले. उजव्याचा अंगठा गॅस दाबून दाबून गुळगुळीत झाला होता. मदतीला आलेली शेजारीण म्हणाली, “हे आता कोण वापरणार?” आणि ते पिशवीत टाकले.

“मी,” दारातून इरा म्हणाली. नीला-शिरीषची मुलगी. इथेच वाढली, एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. “मी वापरणार. आईचे आहेत.”

शिरीषनं वाकून पिशवीतून मोजे काढले. एकातून दुसरा वेगळा केला, बोटं सरळ केली, आणि गरम पाण्याच्या टाकीवरच्या हॉट प्रेसमध्ये, जिथे घरातलं सगळं ओलं वाळायला ठेवतात, तिथे नेऊन ठेवले. “ओले राहिले तर कडक होतात,” म्हणाला. ते केव्हाच वाळले होते.